पाळणाघराचा ठराव

आमच्या सोसायटीच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत ‘अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय’ या सदरात मी पहिल्यांदा पाळणाघराचा विषय मांडला, तेव्हा सभा संपत आली होती, बटाटेवड्यांचा वास येऊ लागला होता आणि उरलेल्या पस्तीस-चाळीस सभासदांपैकी एकानेही विरोध केला नाही. सूचना साधी होती. तळमजल्यावरील टेबल टेनिसची खोली दिवसभर बंद असते. ती सकाळी आठपासून दुपारी तीनपर्यंत उघडावी, आपल्याकडे धुण्याभांड्यांना आणि स्वयंपाकाला येणाऱ्या बायकांना आपली लहान मुले तेथे ठेवता यावीत, त्यांना सांभाळायला एक बाई नेमावी आणि खर्च इच्छुक सभासदांनी वर्गणी काढून भागवावा. सर्वांनी कौतुक केले. दोघांनी जुनी खेळणी देऊ केली, एकांनी मुलाच्या वाढदिवसाला खाऊ वाटण्याची तयारी दाखवली. मग हळूहळू प्रश्न आले : मूल पडले-झडले तर जबाबदारी कोणाची, शेजारच्या इमारतींत काम करणाऱ्यांचीही मुले येऊ लागली तर काय करायचे, आणि ही गृहनिर्माण संस्था आहे की सेवाभावी संस्था. इतिवृत्तात ‘विषयाची नोंद घेण्यात आली’ एवढेच वाक्य उमटले. ज्यांनी अशी इतिवृत्ते वाचली आहेत, त्यांना या वाक्याचा अर्थ सांगावा लागणार नाही.

त्या रात्री मी चिडले होते आणि आमच्या सभासदांच्या कोतेपणावर घरी बराच वेळ बोलले. आज मात्र दोष माझ्या सूचनेतच होता, असे माझे मत झाले आहे. मी दुसऱ्यांच्या मुलांसाठी उपकार मागितला होता, आणि उपकार करायचा की नाही, केला तर किती आणि कोठवर, हे नेहमी करणाराच ठरवतो. पगारी प्रसूती रजा, पाळणाघर, अंगणवाडी, शाळेतील आहार अशा बालसंगोपनाच्या सार्वत्रिक धोरणांमागे आपल्याकडे लोकमत का उभे राहत नाही, या प्रश्नाचा विचार करताना मला ती सभा हटकून आठवते.

माझी मुलगी २०१७ च्या ऑगस्टमध्ये जन्मली. त्याच वर्षी १ एप्रिलपासून प्रसूती लाभ कायद्यातील सुधारणा लागू झाली होती आणि पगारी रजा बारा आठवड्यांवरून सव्वीस आठवड्यांवर गेली होती. पन्नास किंवा त्याहून अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेत पाळणाघराची सोय असावी आणि आईला दिवसातून चार वेळा तेथे जाता यावे, अशीही तरतूद त्यात होती. पाळणाघर मला कधी दिसले नाही, पण सव्वीस आठवडे पूर्ण पगारासह मिळाले. त्यासाठी कोणी माझे उत्पन्न विचारले नाही, शिधापत्रिकेचा रंग विचारला नाही, नवऱ्याचे आधार कार्ड मागितले नाही. आमच्याकडे पोळ्यांना येणाऱ्या ताईंना त्याच वर्षी दिवाळीनंतर दुसरे मूल झाले. त्यांच्यासारख्यांसाठी केंद्र सरकारची मातृवंदना योजनाही त्याच वर्षीची, १ जानेवारी २०१७ पासूनची : तीन हप्त्यांत पाच हजार रुपये, आणि तेही पहिल्या जिवंत अपत्यापुरते. मूल दुसरे असल्यामुळे ताईंना त्यातील एक रुपयाही मिळाला नाही. सव्वा महिना होताच त्या कामावर आल्या, कारण त्यापुढे थांबणार नाही, दुसरी बाई पाहू, असे आमच्याच इमारतीतील दोन घरांनी त्यांना सांगून ठेवले होते. बाळाजवळ दुसरीत शिकणारी बहीण असे. ती मुलगी त्या वर्षी शाळेत किती दिवस गेली, हे मी त्यांना विचारले नाही. विचारायला हवे होते.

वास्तविक ताईंचा हक्क कायद्याच्या पुस्तकात आधीच लिहिलेला होता. २०१३ च्या राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्याच्या चौथ्या कलमाने, सरकारी नोकरीतील आणि अन्य कायद्याने असा लाभ मिळणाऱ्या स्त्रिया वगळता, प्रत्येक गरोदर आणि स्तनदा मातेला किमान सहा हजार रुपये देऊ केले आहेत. ‘प्रत्येक’ हा त्या कलमातील महत्त्वाचा शब्द. मात्र देशभरासाठी योजना यायला २०१७ उजाडले, आणि आली तेव्हा प्रत्येकीच्या जागी पहिलटकरीण आणि सहाच्या जागी पाच हजार, असा तिचा संकोच झालेला होता. उरलेली रक्कम दवाखान्यातील बाळंतपणासाठी पैसे देणाऱ्या जननी सुरक्षा योजनेतून मिळून सरासरी सहा हजार होतात, असा सरकारी हिशेब सांगण्यात आला. २०२२ पासून दुसरे अपत्य मुलगी असल्यास सहा हजार रुपये देण्याची सुधारणा झाली. परंतु तिच्याबरोबर पात्रतेची यादीही आली : कौटुंबिक उत्पन्न वर्षाला आठ लाखांच्या आत असल्याचा दाखला, किंवा दारिद्र्यरेषेखालील शिधापत्रिका, किंवा असंघटित कामगारांचे ई-श्रम कार्ड, किंवा रोजगार हमीचे जॉबकार्ड, असे काही ना काही दाखवावे लागते. अन्न अधिकाराच्या चळवळीतील कार्यकर्त्यांनी या संकोचाविरुद्ध सातत्याने लिहिले आणि बोलले, पण ते वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानावर टिकले नाही. आमच्यासारख्या, पत्रे लिहिणाऱ्या आणि आमदारांना फोन करणाऱ्या वर्गाला आमचे सव्वीस आठवडे मिळून गेले होते. माझ्या मैत्रिणींपैकी एकीलाही चौथ्या कलमाची माहिती नव्हती. मलाही ती फार उशिरा झाली.

येथे लाडकी बहीण योजनेची आठवण होणे अपरिहार्य आहे. जुलै २०२४ पासून राज्यात २१ ते ६५ वर्षे वयाच्या, अडीच लाखांच्या आत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या स्त्रियांना महिना दीड हजार रुपये, म्हणजे वर्षाला अठरा हजार रुपये मिळू लागले. बाळंतपणासाठी आयुष्यात एकदा पाच हजार आणि इतर वेळी दर वर्षी अठरा हजार, हे प्रमाण कोणत्या विचारातून आले, हा प्रश्न मी बाजूला ठेवते. मला महत्त्वाची वाटते ती पुढची गोष्ट. या योजनेत पडताळणी सुरू होऊन नावे वगळली जाऊ लागली, तेव्हा गावोगाव चर्चा झाली, बातम्या आल्या, सरकारला खुलासे करावे लागले. मातृवंदना योजनेतून दुसरे मूल वगळले गेले, तेव्हा असे काहीच झाले नाही. जी गोष्ट शेजारणीला, जावेला आणि नणंदेलाही मिळते, ती कमी झाली की चार बायका एकत्र जमून तलाठ्याकडे जातात. बाळंतीण एकटी असते, तिला घराबाहेर पडता येत नाही, आणि ती पुन्हा चालती-फिरती होईपर्यंत तिचा प्रश्न शिळा झालेला असतो.

शाळेतील आहाराची कथा या बाबतीत शिकण्यासारखी आहे. १ जुलै १९८२ रोजी तमिळनाडूत तिरुचिरापल्लीजवळ मुख्यमंत्री एम. जी. रामचंद्रन यांनी मुलांच्या सकस आहाराची योजना सुरू केली, तेव्हा ती लोकानुनयी आणि न परवडणारी म्हणून तिच्यावर बरीच टीका झाली होती. त्याच्याही आधी, १९५० च्या दशकात, तेव्हाचे मुख्यमंत्री कामराज यांनी शाळेत दुपारचे जेवण सुरू केलेले होते. पुढे सरकारे बदलली आणि एकमेकांचे कट्टर विरोधक आलटूनपालटून सत्तेवर आले, पण जेवण बंद करण्याचे धाडस कोणी केले नाही. उलट प्रत्येकाने त्यात काही भर घातली. आपल्याकडे १९९५ च्या केंद्रीय योजनेनंतर मुलांना महिन्याला तीन किलो तांदूळ घरी न्यायला मिळत. पिशवी घेऊन शाळेत जाणारी मुले अनेकांना आठवत असतील. शिजवलेले अन्न द्यायला भाग पाडले ते सर्वोच्च न्यायालयाच्या २८ नोव्हेंबर २००१ च्या आदेशाने, आणि मग शाळाशाळांतून खिचडी शिजू लागली. ताटावर बसलेल्या मुलाला कोणी शिधापत्रिकेचा रंग विचारत नाही, ही या योजनेतील मला सर्वांत आवडणारी गोष्ट. तरीही महाराष्ट्रात तिची मुळे तमिळनाडूइतकी खोल गेली नाहीत. २०२३ च्या अखेरीस आठवड्यातून एक अंडे, आणि न खाणाऱ्यांना केळे, देण्याचे ठरले. जानेवारी २०२५ मध्ये सरकारने त्यासाठीचा निधी थांबवला आणि लोकसहभागातून सोय करावी असे सुचवले. लोकसहभाग म्हणजे वर्गणी. माझी टेबल टेनिसची खोली ज्या दगडावर अडखळली, तोच हा दगड.

सर्वांना द्या म्हटले की लगेच विचारले जाते, श्रीमंतांच्या मुलांना कशाला? प्रश्न प्रामाणिक आहे आणि त्याला पैशांचे उत्तरही द्यावे लागते, कारण सार्वत्रिक योजनेला पैसा अधिक लागतो, हे नाकारण्यात अर्थ नाही. श्रीमंतांकडून तो कराच्या मार्गाने परत घेता येतो, आणि तेथे कागदपत्रे त्यांच्याकडे तयार असतात. गरिबीचा पुरावा गोळा करण्याचे काम मात्र गरिबाकडेच येते : दाखल्यासाठी एक खाडा, बँकेत नाव जुळत नाही म्हणून दुसरा, सासरचे नाव आधार कार्डावर नाही म्हणून तिसरा. ताईंनी तिसऱ्या खाड्यानंतर एखादी योजना सोडून दिल्याचे मी दोनदा पाहिले आहे.

पण ‘सर्वांसाठी’ असे कागदावर लिहिल्याने सर्व जण येतात असेही नाही, आणि याचे उदाहरण अंगणवाडीहून ठळक दुसरे नसेल. अंगणवाडी हा शब्द आणि ती कल्पना आपल्याकडच्या ताराबाई मोडक यांची. भावनगरला गिजुभाई बधेका यांच्याबरोबर बालशिक्षणाचे काम केल्यानंतर, महागड्या साधनांचे शिक्षण शहरातील खात्यापित्या घरांपुरतेच राहते, हे त्यांनी ओळखले. १९४५ मध्ये त्या डहाणूजवळच्या बोर्डीला गेल्या आणि नंतर १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर अनुताई वाघ यांच्यासह आदिवासी मुलांमध्ये राहिल्या. मुले बालवाडीत येत नाहीत, तर बालवाडी त्यांच्या अंगणात न्यावी; मुले गुरांमागे जातात, तर शाळा कुरणात न्यावी; मण्यांच्या जागी बिया, शिंपले आणि खडे घ्यावेत. २ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास सेवा योजना देशातील ३३ प्रकल्पांत सुरू झाली आणि अंगणवाडी हा शब्द सरकारी झाला. १३ डिसेंबर २००६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तिचे सार्वत्रिकीकरण करण्याचा आदेश दिला आणि सहा वर्षांखालील किमान चाळीस मुले असलेल्या वस्तीने मागणी केल्यास तीन महिन्यांत अंगणवाडी मिळावी, असेही सांगितले. हक्काच्या दृष्टीने याहून स्पष्ट शब्द मिळणे कठीण.

तरीही आमच्या सोसायटीतील बहुतेकांना आपल्या प्रभागातील अंगणवाडी कोठे आहे हे ठाऊक नाही. मी शोधली, ती पाच मिनिटांच्या अंतरावर निघाली. ती काही तासच चालते. मुलाचे वजन, पोषण, लसीकरण आणि थोडे शिक्षण यांसाठी ती आखलेली आहे, आईच्या कामाच्या दिवसाचा विचार तिच्या आखणीत नाही. त्यामुळे सकाळी सातला घर सोडून तीनला परतणाऱ्या ताईंनाही ती पुरत नाही, आणि नऊ ते सात नोकरी करणाऱ्या मला तर नाहीच. ज्यांचे अडत नाही ते विसरतात. ४ डिसेंबर २०२३ पासून राज्यातील अंगणवाडी सेविका आणि मदतनीस दीड महिन्याहून अधिक काळ संपावर होत्या. त्यांच्या मोबदल्याला आपण आजही वेतन म्हणत नाही, मानधन म्हणतो. आमच्याकडे लिफ्ट दोन तास बंद पडली तर व्हॉट्सॲपवर सत्तर संदेश येतात. त्या दीड महिन्यात संपाचा उल्लेख एकदाही झाला नाही. मीही केला नाही.

मग आपण मराठी माणसे दुसऱ्यांसाठी पैसा मोजायला मुळातच तयार नसतो का? तसे म्हणता येणार नाही, आणि त्याचा पुरावा माझ्या पगारपत्रकातच आहे. दर महिन्याला त्यातून दोनशे रुपये व्यवसाय कर कापला जातो, फेब्रुवारीत तीनशे, वर्षाचे अडीच हजार. हा कर १९७५ च्या कायद्याने आला तो रोजगार हमी योजनेसाठी. १९७२ च्या दुष्काळात विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांच्या आग्रहाने ती योजना राज्यभर उभी राहिली. तिच्यासाठी शहरातील नोकरदाराने कर द्यावा आणि सरकारने तेवढीच भर घालावी, अशी रचना होती. पुढे देशाच्या रोजगार हमी कायद्याने कामाच्या ठिकाणी सहा वर्षांखालील पाच किंवा अधिक मुले असतील तर त्यांना सांभाळायला एक स्त्री नेमण्याचे बंधन घातले. ती नेमणूक किती ठिकाणी होते, हा वेगळा आणि दुःखद विषय. परंतु पन्नास वर्षे हा कर कोणी फारशी कुरकुर न करता भरत आला. तो ठरावीक पगारावरच्या सर्वांकडून घेतला जातो, रक्कम ठरलेली आहे आणि ज्याला खड्डा खणायचा आहे त्याला काम मागता येते, यापलीकडे त्यात कोणाच्या दयेचा भाग नाही.

असे काही वाचत आणि टिपत असताना दुसऱ्या सभेची तयारी आपोआप होत गेली. पण खरी दिशा दाखवली ती आमच्याकडच्या एका निवृत्त काकांनी. पहिल्या सभेत ‘आमच्या आईने पाच मुले वाढवली, तेव्हा कुठे होती पाळणाघरे?’ असे तेच म्हणाले होते. काकू दोन बाळंतपणांसाठी दोनदा सहा-सहा महिने अमेरिकेत मुलीकडे राहून आल्या आहेत, आणि आता येथे मुलाच्या जुळ्यांना सांभाळतात. अमेरिकेत खासगी नोकरीत केंद्रीय कायद्याने पगारी प्रसूती रजा मिळत नाही. १९९३ च्या कायद्याने काही जणींना मिळते ती बारा आठवड्यांची बिनपगारी. तेथील कायद्यातील भोक पुण्यातील आया विमानाने जाऊन बुजवतात आणि येथील भोक येथे राहून. एकदा लिफ्टमध्ये मी काकूंना सहज विचारले, तर त्या म्हणाल्या, “अगं, माझे गुडघे गेले आणि ही दोघं आत्ता कुठे चालायला लागलीत. तीन तास जरी कुणी सांभाळलं तरी मी पाठ टेकीन.” काकांच्या आईच्या हाताशी सासू, दोन जावा आणि अख्खा वाडा होता, हे मी बोलले नाही. काकूंनीच ते त्यांना सांगितले असावे.

पुढच्या वर्षी विषय रीतसर चौदा दिवसांच्या सूचनेसह कार्यक्रमपत्रिकेवर घेतला. शब्द बदलले : ‘दिवसा सोसायटीच्या आवारात असणाऱ्या सहा वर्षांखालील सर्व मुलांसाठी पाळणाघर’. मूल रात्री कोठे झोपते, याचा त्यात उल्लेख नव्हता. वर्गणी काढून टाकली आणि प्रत्येक सदनिकेमागे देखभाल शुल्कात महिना ऐंशी रुपये, मूल असो वा नसो, अशी तरतूद केली. यावर वाद होणार हे माहीत होते. आमच्या घरात मूलच नाही, आम्ही का भरावे, असा प्रश्न आला, तेव्हा लिफ्टचा खर्च तळमजल्यावरचे सभासदही समान भरतात, हे सचिवांनी उपविधींचा हवाला देऊन सांगितले. मी गप्प बसले. हिशेबातील माणसाच्या तोंडून ते अधिक चांगले वाटले. ठरावाच्या सूचक काकू होत्या. ज्या सभासदांकडून मला पाठिंब्याची आशा होती, त्या माझ्या वयाच्या नोकरदार जोडप्यांपैकी निम्मे सभेला आलेच नव्हते, आणि मते पडली ती बहुतेक आजी-आजोबांची. ठराव सहा मतांनी मंजूर झाला, एक वर्षाच्या मुदतीने.

सध्या पटावर चौदा मुले आहेत, आठ सदनिकांमधील आणि सहा कामाला येणाऱ्या बायकांची. सगळे सुरळीत आहे असे मी म्हणणार नाही. एका कुटुंबाने पहिल्याच आठवड्यात मूल काढून घेतले. डबे वेगळे असावेत का, यावर समितीत दोन बैठका झाल्या. सांभाळणाऱ्या बाईंना बारा हजार देतो, ते पुरेसे नाहीत, आणि शुल्क शंभर करायला सभा तयार होईल की नाही हे सांगता येत नाही. समितीने छापून घेतलेल्या हजेरीच्या वहीत नावापुढे ‘सभासद / कर्मचारी’ असा रकाना आहे. बाईंनी तो पहिल्या दिवसापासून भरलेला नाही, चौदा मुलांमागे वेळच मिळत नाही म्हणतात. ठरावाची मुदत या सप्टेंबरात संपते, आणि तो रकाना भरला जावा, अशी लेखी सूचना दोन सभासदांनी दिली आहे.